ब्रेड मेकर घ्यायचा का? ठरवण्याआधी महिनाभर काय करून बघावं

ब्रेड मेकर घ्यावा का, असं कुणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट विचारते: तुमच्या घरात पाव जास्त खाल्ला जातो की स्लाइस ब्रेड? नाशिकमध्ये हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. रविवारी मिसळ, अधूनमधून पावभाजी, संध्याकाळी वडापाव, अशा घरात लागते ती पावाची लादी. आणि ब्रेड मेकर लादी भाजत नाही. त्यातून निघतो तो उंच, चौकोनी लोफ, तळाशी पात्याचं एक भोक असलेला. पावाचं पीठ तो उत्तम मळून, फुगवून देईल, पण पुढे गोळे करून भाजायला ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, लागतोच. एवढी एक गोष्ट आधी कळली असती तर बरीच यंत्रं आज माळ्यावर पडून राहिली नसती.

त्यामुळे जाहिरात बघून किंवा सणासुदीची सूट बघून लगेच ऑर्डर देऊ नका. खाली जे सांगतेय ते क्रमाने करा. महिनाभर लागेल, खर्च पिठामिठाचाच.

पहिली पायरी: घरात काय खपतं ते लिहून काढा

दोन आठवडे फ्रिजवर एक कागद लावा. ब्रेडची पिशवी कधी आली, कधी संपली, किती स्लाइस वाळून किंवा बुरशी येऊन फेकले, पाव किती आणले, टोस्ट-खारी किती, सगळं त्यावर टिपा. शाळेचा डबा, सकाळचं सँडविच, आजी-आजोबांचं चहाबरोबरचं खाणं, कुठल्या वेळेला काय लागतं तेही लिहा.

आठवड्याला दोन किंवा जास्त लोफ संपत असतील तर यंत्राचा विचार पुढे न्यायला हरकत नाही. आठवड्याला एक संपत असेल तर पुढची पायरी झाल्यावर ठरवा. महिन्यातून दोनदा ब्रेड येणाऱ्या घराने इथेच थांबावं. घरच्या ब्रेडमध्ये टिकाऊपणासाठी काही घातलेलं नसतं, त्यामुळे तो उन्हाळ्या-पावसाळ्यात दोनेक दिवसच चांगला राहतो. फ्रिजमध्ये ठेवला तर उलट लवकर शिळा आणि कोरडा लागतो. उरलेला ब्रेड कापून, घट्ट बांधून फ्रीझरमध्ये टाकायचा आणि लागतील तेवढे स्लाइस काढून थेट तव्यावर शेकायचे, ही सवय लागणार असेल तरच आठवड्याला एक लोफ करणं परवडतं.

दुसरी पायरी: यंत्र नेमकं काय करतं ते समजून घ्या

१९८० च्या दशकात जपानमध्ये मात्सुशिता कंपनीने, म्हणजे आजच्या पॅनासोनिकने, घरगुती ब्रेड मेकर बाजारात आणला. तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही. आत एक उंच भांडं, भांड्याच्या तळाशी फिरणारं पातं, भोवती हीटर आणि वेळ-तापमान सांभाळणारा छोटा कंट्रोलर. साध्या प्रोग्रॅमला तीन ते चार तास लागतात. त्यात वीस-पंचवीस मिनिटं मळणं, मग उबेत फुगवणं, मध्ये एक-दोनदा पातं फिरवून हवा काढणं, पुन्हा फुगवणं आणि शेवटी पाऊण तास ते तासभर भाजणं.

या सगळ्यात यंत्राचं खरं कौशल्य मळण्यात आणि ऊब धरून ठेवण्यात आहे. भाजण्यात ते ओटीजीच्या मागेच पडतं. लोफचा वरचा भाग फिकट राहतो, बाजूचा आणि तळाचा पापुद्रा जाड होतो. म्हणून 'मला चांगला भाजलेला ब्रेड हवाय' या कारणासाठी हे यंत्र घेऊ नये. 'मळायला हात दुखतात' किंवा 'तीन तास ओट्याजवळ थांबता येत नाही' ही मात्र रास्त कारणं आहेत.

तिसरी पायरी: महिनाभर यंत्राशिवाय ब्रेड करा

हीच खरी परीक्षा. आठवड्यातून दोनदा ब्रेड करा. ओटीजी असेल तर उत्तम, नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात किंवा शिट्टी आणि रिंग काढलेल्या कुकरमध्ये, खाली जाळी ठेवून मंद आचेवरही लहान लोफ भाजता येतो. प्रमाण असं घ्या:

मैदा ४०० ग्रॅम, पाणी २५० मिलि, इन्स्टंट यीस्ट एक सपाट चहाचा चमचा, मीठ सव्वा चमचा, साखर एक मोठा चमचा, तेल दीड मोठा चमचा, हवी तर मोठा चमचाभर दूध पावडर.

वजनकाटा वापरा. वाटीने मोजलेलं पीठ दर वेळी वेगळं भरतं आणि मग ब्रेड कधी साधतो, कधी बिघडतो. यंत्रात तर डोळ्यांनी बघून पीठ-पाणी सावरायची सोय कमी, त्यामुळे तिथे काटा आणखी गरजेचा. हजाराच्या आत मिळणारा स्वयंपाकघरातला काटा ही या कामातली सगळ्यात मोलाची खरेदी आहे, यंत्र घ्या किंवा घेऊ नका.

हाताने दहा-बारा मिनिटं मळा. मग लिंबाएवढा गोळा तोडून दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणा. पीठ पातळ पडद्यासारखं होऊन पलीकडचा उजेड दिसला आणि पडदा फाटला नाही, तर मळणं पुरेसं झालं. फाटला तर आणखी मळा. झाकून दुप्पट होऊ द्या, हवा काढून लोफचा आकार द्या, साच्याच्या काठापर्यंत येईपर्यंत पुन्हा फुगू द्या आणि १९० अंशांवर तीस-पस्तीस मिनिटं भाजा.

दर वेळी एक ओळ लिहून ठेवा: आज कंटाळा कुठे आला? मळताना, फुगण्याची वाट बघताना, भाजताना, की ओटा पुसताना? महिन्याच्या शेवटी या ओळी वाचल्या की उत्तर बहुतेक मिळतं. फक्त मळण्याचा त्रास होत असेल तर तुमच्याकडच्या फूड प्रोसेसरचं कणीक मळायचं पातं बघा, ते हे काम काही मिनिटांत करतं. पीठ गरम होऊ नये म्हणून थांबून थांबून फिरवा, इतकंच. वाट बघण्याचा, मध्येच उठून लक्ष देण्याचा त्रास असेल, तर मात्र ब्रेड मेकरला पर्याय नाही. आणि दुसऱ्या आठवड्यातच उत्साह मावळला, तर तो यंत्र आल्यावरही तेवढाच टिकेल.

चौथी पायरी: आपल्या पिठाची ओळख करून घ्या

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण यंत्राबरोबर येणारी पाककृतींची पुस्तिका बहुधा परदेशी 'ब्रेड फ्लोअर' धरून लिहिलेली असते. त्या पिठात प्रथिनं १२-१३ टक्के असतात. आपला मैदा साधारण ९ ते ११ टक्क्यांत बसतो. त्यामुळे पुस्तिकेतलं पाण्याचं माप आपल्या मैद्याला जास्त होऊ शकतं. लोफ वर येतो आणि भाजताना मध्ये खचतो. अशा वेळी पाणी दोन मोठे चमचे कमी करा.

गव्हाच्या पिठाचं उलट. गिरणीतून दळलेल्या पिठात कोंडा असतो आणि दगडाच्या दाबाने स्टार्चचे कण तुटलेले असतात, म्हणून ते पाणी जास्त पितं. ४०० ग्रॅम पिठाला २९० ते ३०० मिलि पाणी लागतं. कोंड्याचे कण ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचे, धागे तोडतात, त्यामुळे शंभर टक्के गव्हाचा लोफ मैद्यासारखा हलका होत नाही, यंत्र कितीही महाग असो. निम्मा मैदा, निम्मं गव्हाचं पीठ आणि २७० मिलि पाणी ही चांगली सुरुवात. मैदा अजिबात नकोच असेल तर बेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात ग्लुटेन पावडर मिळते, ती दोन मोठे चमचे घाला. दळण गिरणीतून गरम आलं असेल तर पूर्ण गार होऊ द्या.

गहू कुठला, यानेही फरक पडतो. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरताना आपल्याकडे बरेच जण लोकवन घेतात. हे वाण मूळचं गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेचं, आणि पोळीबरोबर ब्रेडलाही ते चालतं. आपल्या निफाडच्या गहू संशोधन केंद्राने दिलेली त्र्यंबक आणि तपोवन ही वाणं सरबती गटातली, म्हणजे पोळी-ब्रेडच्या कामाची. त्याच केंद्राचं गोदावरी मात्र बन्सी गटातलं. बन्सी गव्हाचा रवा, शेवया, कुरडया सुरेख होतात, पण त्याच्या पिठाला ब्रेडला हवा तसा ताण नसतो. घरात बन्सी गहू दळलेले असतील आणि ब्रेड बसत असेल, तर दोष यंत्राला देण्याआधी पीठ बदलून बघा.

नागलीचा, म्हणजे नाचणीचा, ब्रेड करायची इच्छा पुष्कळांना असते. पेठ-सुरगाण्याकडची चांगली नागली आपल्याला सहज मिळते, तेव्हा इच्छा होणं साहजिक आहे. पण नागलीत ग्लुटेन नसतं. एकूण पिठाच्या पंधरा-वीस टक्क्यांपर्यंतच घाला. त्यापुढे गेलात तर वीट होते.

हवामानाचंही तसंच. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकड्यावर येतो तेव्हा नाशिकमधला ओटाही गार पडलेला असतो. हाताने करताना पीठ फुगायला दुप्पट वेळ लागतो. यंत्राची खरी मदत याच दिवसांत जाणवते, कारण आतली ऊब बाहेरच्या थंडीवर अवलंबून नसते. फक्त पाणी कोमट घ्या. मे महिन्यात याच्या उलट अडचण येते: मोटरची उष्णता आणि बाहेरचा उकाडा मिळून पीठ वेळेआधी फुगतं आणि लोफचा माथा खाली बसतो. तेव्हा फ्रिजमधलं पाणी वापरा आणि यीस्ट पाव चमचा कमी करा. पावसाळ्यात पीठ हवेतली ओल धरतं, पाणी चमचाभर कमी लागतं.

पाचवी पायरी: पैशांचा हिशेब खरा मांडा

'घरी ब्रेड स्वस्त पडतो' हे अर्धंच खरं आहे. वर दिलेल्या प्रमाणाचा लोफ भाजल्यावर सहाशे ग्रॅमच्या पुढे भरतो. त्याला मैदा, यीस्ट, तेल, दूध पावडर आणि वीज धरून साधारण चाळीस रुपये लागतात असं समजा. बाजारात तेवढ्याच वजनाचा साधा ब्रेड साठ-सत्तरला मिळत असेल तर एका लोफमागे पंचवीस रुपये वाचले. यंत्र दहा हजारांचं असेल तर ते वसूल व्हायला चारशे लोफ लागतील. आठवड्याला एक केलात तर पावणेआठ वर्षं. तुमच्या दुकानातले दर घालून हाच हिशेब स्वतः करा.

पण तुम्ही बेकरीतून बियांचा, मल्टिग्रेन, दीड-दोनशे रुपयांचा लोफ नेहमी आणत असाल तर चित्र बदलतं. तसाच लोफ घरी सत्तर-ऐंशीत होतो आणि शंभर-सव्वाशे लोफमध्ये पैसे फिटतात.

विजेची फार काळजी करू नका. बहुतेक यंत्रं ५०० ते ६०० वॉटची असतात आणि हीटर भाजतानाच जोरात चालतो, त्यामुळे एका लोफला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते. ओटीजी तापवून एकच लोफ भाजला तर त्याहून जास्त जाते.

माझ्या मते पैशांपेक्षा मोठं कारण आत काय घातलंय ते माहीत असणं हे आहे. २०१६ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने ब्रेडच्या नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट-आयोडेट या पिठात घातल्या जाणाऱ्या रसायनांचे अंश आढळल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, पोटॅशियम ब्रोमेटवर बंदी आणली. आजही पाकिटावरचं लेबल वाचा. २८२ म्हणजे बुरशी रोखणारं कॅल्शियम प्रोपिओनेट, त्याला परवानगी आहे. ब्राउन ब्रेडच्या लेबलवर १५० दिसलं तर तो रंग कॅरॅमलचा आहे, निव्वळ गव्हाचा नव्हे. घरात कुणाला मीठ कमी हवं असेल, दूध चालत नसेल, तीळ किंवा सोया सोसत नसेल, त्यांच्यासाठी घरचा ब्रेड हा मोठा आधार असतो.

सहावी पायरी: ओटा, प्लग आणि शेजार

यंत्र कायम ओट्यावर राहणार असेल तरच घ्या. पाच-सात किलोंचं धूड दर वेळी माळ्यावरून कोण काढणार? जागा मोजताना वर झाकण पूर्ण उघडेल आणि वाफ कॅबिनेटच्या फळीला लागणार नाही, इतकी मोकळीक धरा. मळताना यंत्र थरथरतं आणि हळूहळू सरकतं, म्हणून ओट्याच्या कडेपासून आत ठेवा, खाली रबरी चटई घाला. पातेलं आपटल्यासारखा आवाजही येतो. रात्री टायमर लावून सकाळी ताजा ब्रेड खायचा बेत असेल तर फ्लॅटमध्ये पहाटे तीन वाजता तो आवाज होणार, हे लक्षात घ्या. टायमर लावताना दूध, अंडं, दही घालू नका. पाणी आणि दूध पावडर वापरा.

वीज गेली तर? काही यंत्रं थोडी मिनिटं प्रोग्रॅम लक्षात ठेवतात आणि वीज आली की पुढे चालू करतात, काही पहिल्यापासून सुरू करतात. किती मिनिटांची आठवण आहे हे मॅन्युअलमध्ये बघूनच मॉडेल निवडा. महावितरणचा देखभालीसाठीचा शटडाऊन ज्या दिवशी असेल त्या दिवशी ब्रेड लावूच नका. स्वयंपाकघराचा प्लग बहुतेक घरांत इन्व्हर्टरवर नसतो, तेही तपासा.

कोणी घ्यावा, कोणी नाही

ज्यांच्याकडे ओटीजी आणि चांगला फूड प्रोसेसर आहे आणि ज्यांना पावच जास्त लागतो, त्यांनी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तेच पैसे चांगल्या साच्यांवर, काट्यावर आणि पिठावर घाला. ज्यांच्या मनगटांना-खांद्यांना संधिवाताचा त्रास आहे, ज्यांच्या घरी पथ्यामुळे बाहेरचा ब्रेड चालत नाही, किंवा दोघंही अंबड-सातपूरच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये असून आठवड्याला दोन-तीन लोफ लागतात, त्यांनी खुशाल घ्यावा. कणीक मळून देणारं यंत्र म्हणूनही काही कंपन्या तो विकतात. पण चार माणसांच्या पोळ्यांची कणीक रोज त्यात मळायची म्हणजे रोज ते भांडं आणि पातं धुवायचं आलं. फक्त त्यासाठी घेऊ नका.

सातवी पायरी: दुकानात काय बघायचं

लोफचा आकार: चौघांच्या घराला ७०० ग्रॅमपर्यंतचं यंत्र पुरतं. फक्त डो (मळून फुगवलेलं पीठ) करणारा आणि फक्त भाजणारा, असे दोन वेगळे प्रोग्रॅम हवेतच. पहिला पावासाठी, दुसरा कच्चट राहिलेला लोफ आणखी दहा मिनिटं भाजायला. बेदाणे-अक्रोड घालायची वेळ झाली की बीप देणारं यंत्र चांगलं, कारण सुरुवातीलाच घातलेले बेदाणे पात्याखाली चिरडून जातात. जॅम, दही, केक वगैरे प्रोग्रॅमच्या लांबलचक यादीला भुलू नका.

महत्त्वाचा प्रश्न सुट्या भागांचा. भांड्याचं नॉनस्टिक कोटिंग आणि तळाच्या दांड्याचं सील, हे दोन भाग सगळ्यात आधी जातात. भांडं आणि पातं वेगळं विकत मिळतं का, केवढ्याला, आणि दुरुस्ती नाशिकमध्ये होते की यंत्र मुंबई-पुण्याला पाठवावं लागतं, हे कंपनीच्या हेल्पलाइनला विचारूनच पैसे भरा.

जुनं यंत्र मिळत असेल तर भांडं बाहेर काढून त्यात दोन इंच पाणी भरा आणि कोरड्या वर्तमानपत्रावर अर्धा तास ठेवा. कागदावर गोल ओला डाग उमटला तर सील गेलंय. तळाची किल्ली बोटांनी फिरवून बघा: करकर न होता, थोड्या जोराने पण सारखी फिरली पाहिजे. आतून कोटिंगचे पापुद्रे निघाले असतील तर फुकट मिळालं तरी नको.

अमेरिकेतल्या मुलीने किंवा भाच्याने 'आमचा पडून आहे, घेऊन जा' म्हटलं तर आधी मागची पट्टी वाचायला सांगा. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर ते यंत्र आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला थेट लावलं की जळेल. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही यंत्राच्या वॉटच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा, आणि ५० हर्ट्झवर मोटर किंचित हळूच फिरते. विमानातलं वजन आणि ट्रान्सफॉर्मरचा खर्च धरला तर इथलं घेतलेलं बरं.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात

खोका आणि बिल जपून ठेवा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी करून बघा: मैद्याचा साधा लोफ, निम्म्या गव्हाचा लोफ आणि डो प्रोग्रॅमवर पावाचं पीठ.

आधी पाणी आणि तेल, त्यावर पीठ, एका कोपऱ्यात मीठ-साखर, आणि पिठात खळगा करून त्यात यीस्ट, पाण्याला न लागेल असं. मळणं सुरू झाल्यावर दहाव्या मिनिटाला झाकण उघडा. या वेळी उघडल्याने काही बिघडत नाही. आत एकसंध गोळा पात्याभोवती फिरत असायला हवा. भांड्याच्या भिंती स्वच्छ हव्यात आणि बोट लावलं तर किंचित चिकटून लगेच सुटायला हवं. तळाशी चिखलासारखं पसरत असेल तर एकेक चमचा पीठ घाला. गोळा कडक असेल, कोपऱ्यात कोरडं पीठ राहिलं असेल किंवा मोटर कण्हत असेल तर एकेक चमचा पाणी. मधे मिनिटभर थांबत जा. फुगायला लागल्यावर मात्र झाकणाला हात लावायचा नाही.

भाजून झाल्याचा बीप झाला की भांडं लगेच बाहेर काढा. आत राहिलं तर वाफेने तळ ओलसर होतो. लोफ जाळीवर उलटा, पातं त्यात अडकून आलंय का बघा, आणि तासभर गार झाल्याशिवाय सुरी लावू नका. गरम कापला तर आतून चिकट लागतो आणि कच्चा राहिला असं वाटतं.

पावासाठी डो प्रोग्रॅम संपला की पिठाचे सारखे गोळे करून तेल लावलेल्या ट्रेमध्ये अगदी जवळजवळ मांडा, ओल्या फडक्याने झाकून पाऊण तास फुगू द्या, वरून दूध लावून २०० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं भाजा आणि बाहेर काढल्याबरोबर लोणी फिरवून फडक्याखाली ठेवा. तीनही प्रकारांत लोफ सलग बसला, किंवा मोटर करपल्याचा वास आला, तर व्हिडिओ काढून मुदतीतच तक्रार नोंदवा आणि यंत्र बदलून मागा.